द्यायचा किलो

ती. मामांस,

सप्तांग नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा खांदा, गेले चार दिवस संपावर आहे. का, ते पुढे येईलच. राहिलेलं अंग समक्ष भेटीत पोचतं करीन.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला गेला की अजून मुक्काम ठोकून आहे? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात खुशाल कोणीही नाही. आई चार दिवस तावातावाने बोलते आहे, हे चार दिवस गप्प आहेत (आणि ह्यांचं गप्प बसणं आईच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचतं), आणि मला लहानपणी तुम्ही 'ठिणगी' म्हणायचात ती मी आता वणवा झाले आहे.

मामा, माझ्यावर अन्याय झाला आहे. साधासुधा नाही, ढळढळीत, भरदिवसा, पन्नास माणसांसमोर. आयुष्यातली सगळ्यात चांगली नेमबाजी मी गेल्या रविवारी केली, आणि एका माणसाने एका धातूच्या तुकड्यावरून ती पुसून टाकली. एवढंच असतं तर मी गिळलं असतं. (नसतं गिळलं, पण चावून चावून बारीक तरी केलं असतं.) पण त्यात त्याने तुमच्या नावाला बट्टा लावला, म्हणून हे पत्र. पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरुवात केली तर तुम्ही म्हणाल की ठिणगीचंच काहीतरी चुकलं असेल. तुमच्या दुकानातली काचेची बरणी फुटली तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात. तेव्हा माझंच चुकलं होतं, ते सोडा.

तुम्हाला माहीतच आहे की मी दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवते. "आता स्पष्ट दिसतं का? आणि आता?" हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही बोलते, असं हे सांगतात. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं आणि साठलेला कडूपणा घरी आणून वाटायचा, असं फार वर्षं चाललं, तेव्हा सहा वर्षांपूर्वी ह्यांनी माझं नाव नेमबाजीच्या क्लबात घातलं. मन शांत होईल असा त्यांचा कयास. मन शांत झालं नाही, नेम मात्र बसला. आणि त्याचं श्रेय मी क्लबातल्या कोणालाही देत नाही, तुम्हाला देते. सुट्टीत तुमच्या दुकानात स्टुलावर उभी राहून मी साखर तोलायचे, तेव्हा तुम्ही काय शिकवलं होतंत? काटा मधोमध येऊ लागला की श्वास धरायचा, हात हलू द्यायचा नाही आणि घाई करायची नाही. पिस्तुलाचंही नेमकं तेच आहे हो. फरक इतकाच की तोलून झालं की तुम्ही वर आणखी मूठभर साखर टाकायचात, आणि गिऱ्हाईक कसं खुलायचं! अख्ख्या बाजारात वर मूठभर टाकणारे तुम्ही एकटेच. मापात पाप म्हणून इतर दुकानदारांची नावं निघायची तेव्हा तुमचं नाव उलट्या बाजूने निघायचं. आमच्या घरात तर अजून कोणी थाप मारली की आई म्हणते, थांब, माझ्या भावाच्या काट्यावर घालून बघते.

तर पाच वर्षं मी क्लबाच्या पिस्तुलावर काढली. त्या एका पिस्तुलावर आम्ही अकरा जणी, म्हणजे एका चुलीवर अकरा जावा. प्रत्येकीने आपल्या डोळ्याप्रमाणे नेम धरायची मागची खाच सरकवायची आणि पुढचीने आल्या आल्या आधीचीच्या नावाने बोटं मोडायची. शेवटी मी ठरवलं, स्वतःचं घ्यायचं. परवान्याच्या सोपस्कारांत वर्ष गेलं. (ते सगळं लिहिलं तर हे पाकीट पोस्टात कोणी उचलणार नाही.) पॉइंट टू टूचं, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या बसतात असं, अर्धस्वयंचलित. आई म्हणाली, घ्यायचंच तर पूर्ण स्वयंचलित घे, अर्धवट कशाला आणायचं घरात? तिला समजावलं की खेळात हेच चालतं. एक गोळी सुटली की रिकामं काडतूस ते आपणहून बाहेर टाकतं, पुढची गोळी आपणहून आत घेतं, पण चाप मात्र दरवेळी आपणच ओढायचा. म्हणजे अर्धं काम स्वतःहून करायचं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्या बोटाकडे बघत बसायचं. हे ऐकून आईने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी वर्तमानपत्र जरा वर केलं.

पिस्तुलं विकणारा आणि दुरुस्त करणारा जो कारागीर आहे, त्याला सगळे 'कानस' म्हणतात, कारण तक्रार कुठलीही असो, त्याच्याकडे औषध एकच. शिलाई मशीनच्या दुकानामागे त्याची खोली आहे. टेबलावर हिरवं कापड, कान तुटलेल्या कपात स्क्रू, आणि भिंतीवर एक पाटी: 'हात लावण्याआधी विचारा'. (विचारलं तर तो नाही म्हणतो.) त्याने तीन पिस्तुलं समोर ठेवली आणि निवडायची रीत सांगितली. डोळे मिटायचे, पिस्तूल उचलून समोर धरायचं, मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरचा उंचवटा मागच्या खाचेत आपणहून बसलेला दिसला तर ते पिस्तूल आपलं. बसवावा लागला तर दुसऱ्याचं. ही रीत मला फार आवडली. बाकीही कितीतरी गोष्टी माणसाने अशाच निवडायला हव्या होत्या.

पहिलं अगदी नवंकोरं, आरशासारखं. डोळे उघडले तर त्याचं तोंड कानसच्या बुटांकडे, इतकं ते पुढून जड. कानसने पाय मागे घेतले. (पिस्तूल रिकामं होतं, नळीत लाल दोरी घातलेली होती, तरी घेतले. माझा लौकिक तिथेही पोचला असावा.) दुसरं हाताला बरं होतं, पण त्याचा तोरा काय सांगू! क्लबात नेऊन मारून पाहिलं तर तिथल्या गोळ्या त्याला चालेनात. दर चौथ्या गोळीला रिकामं काडतूस बाहेर पडायच्या वाटेत अडकून धुराड्यासारखं उभं. कानस म्हणाला, याला भारीतल्या गोळ्या लागतात. मी म्हटलं, भारीतलं खाणारा एक आहे घरी. तिसरं अठरा वर्षांचं, रंग उडालेलं, आधीच्या मालकाने मुठीला चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. हातात धरायलाही नको वाटावं असं ध्यान. पण डोळे उघडले आणि मामा, उंचवटा खाचेत, बरोब्बर मधोमध, तुमच्या तराजूचा काटा उभा राहायचा तसा. मी तिथल्या तिथे तेच घेतलं. कानस म्हणाला, आणखी जरा हात फिरवून देतो. मी म्हटलं, तुझा हात तुझ्याकडेच राहू दे.

मग सुरू झाली जुळवाजुळव. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण पिस्तुलाची मूठ झाकून चालत नाही, ती हाताला अशी बसावी लागते की दर वेळी उचलल्यावर प्रत्येक बोट आपल्याच जागी जाईल. मी सव्वा महिना ती मूठ पॉलिशकागदाने घासत होते. अंगठ्याकडे घासलं की तळव्याला टोचायची, तळव्याकडे घासलं की करंगळी अधांतरी. जास्त घासलं गेलं की सुतार भेगा बुजवतात ती लांबी भरायची आणि पुन्हा घासायचं. लाकडाचा भुसा ह्यांच्या चहात पडायचा. हे कपावर बशी झाकायला लागले. मॅगझिनच्या वरच्या कडा वाकल्या होत्या, त्यामुळे गोळी नाक खाली घालून आत जायची. त्या कडा पक्कडीने कणाकणाने सरळ केल्या. त्यात तीन आठवडे गेले. हे सगळं मी एकटीने केलं, मामा, चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवून माझी बोटं तयार आहेत म्हणून.

राहिला चाप. सगळं घोडं इथेच पेंड खातं. (पिस्तुलात घोडाही असतोच, चाप ओढला की तो पडतो आणि गोळी उडते.) आमच्या प्रकारात नियम असा की चाप किमान एक किलोच्या ओढीचा हवा. त्याहून हलका चालत नाही, कारण हलका चाप बोट लागताच सुटतो आणि ते धोक्याचं. तपासायची पद्धत सोपी. पिस्तूल रिकामं करून उभं धरायचं, चापाला एक किलोचं वजन अडकवायचं आणि पिस्तूल हळूच वर उचलायचं. वजन टेबलावरून उचललं गेलं तर पास. उचललं जायच्या आधी घोडा टक् करून पडला तर नापास. बहुतेक बायका दीडेकशे ग्रॅम जास्तच ठेवतात, कटकट नको म्हणून. पण जास्तीचा प्रत्येक ग्रॅम बोटाला जाणवतो आणि बोटाचं ओझं नेमावर येतं. मी म्हटलं, नियम किलोचा आहे ना? मग किलो म्हणजे किलो. ना मासा कमी, ना मासा जास्त.

आता किलो आणायचा कुठून? क्लबाचं वजन कपाटात, कपाटाची किल्ली चिटणिसाकडे, आणि चिटणीस रजेवर. हे म्हणाले, थांब आठ दिवस, येईल तो. मी म्हटलं, ज्या घराण्यात तुमच्या सासूबाईंच्या भावाचा किलो आहे त्या घराण्याने चिटणिसाची वाट बघायची? आणि तडक तुमच्याकडे आले. तुम्ही आत आडवे झाला होतात. दुकानात आता विजेवरचा काटा आला आहे, जुनी लोखंडी वजनं खोक्यात पडली आहेत, म्हणून मी मामीला म्हटलं, मला पंधरा दिवसांसाठी एक किलोचं वजन दे. तिने खोक्यातून दोन काढली, दोन्ही हातांत धरून बघितली, एक फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हा द्यायचा आहे हं. लक्षात ठेव." मामा, मला लागलं. सख्ख्या भाचीला असं बजावतात का? मी म्हटलं, देईन हो, मी काय बुडवणार आहे? त्यावर ती माझ्याकडे जरा चमत्कारिक बघत राहिली. घरी येऊन बघते तर वजनावरही पांढऱ्या रंगात 'द्या' असं लिहिलेलं. वाचनालयाच्या पुस्तकावर 'परत करा' असा शिक्का असतो ना, तसं. मी म्हटलं, लोकांनी मामांच्या भिडस्तपणाचा किती फायदा घेतला असेल, की बिचाऱ्यांना वजनावर रंगवून ठेवावं लागलं.

पडद्याची तार वाकवून आकडा केला. पिस्तूल रिकामं आहे याची तीनदा खात्री केली. आई चष्मा न लावताच समोर खुर्ची टाकून बसली, भावाच्या किलोची मानकरीण म्हणून. चापाचा बारीक स्क्रू पाव वळसा मागे, वजन लावून बघ. आणखी थोडा मागे, लावून बघ. अखेर अशी जागा आली की तुमचा किलो चापाच्या आधाराने थरथरत वर उचलला जायचा, आणि त्याहून केसभर मागे गेलं की टक्. केसभर पुढे घेऊन मी थांबले. काय चाप झाला होता मामा! आधी थोडासा येतो, मग थांबतो, मग आपण नुसतं मनात आणायचं.

रविवारी निवड चाचणी होती. संघात जागा तीन, आम्ही पंधरा जणी. (ही जागा माझ्यासाठी काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. सहा वर्षं मी दुपारचं जेवण उभ्याने उरकून सरावाला पळते आहे. पुढच्या वर्षीपासून वयाने मी ज्येष्ठांच्या गटात जाणार, तिथे संघ नाही, नुसतं प्रशस्तिपत्र आहे.) सकाळी चाप आधी तपासून घ्यायची सोय होती. रांग दाराबाहेर गेलेली. हे म्हणाले, उभी राहा. मी म्हटलं, रांगेत त्यांनी उभं राहावं ज्यांना शंका आहे.

आणि मग मी नेम धरला. पहिल्या तीस गोळ्यांना दोनशे सत्त्याऐंशी गुण. दुसऱ्या तीस भरभर मारायच्या असतात, त्यांना दोनशे चौऱ्याऐंशी. एकूण पाचशे एकाहत्तर. आजवरचा माझा उच्चांक पाचशे अठ्ठावन्न होता. पंधरा जणींत दुसरी! कानांवरचं कवच काढलं तर ह्यांच्या टाळ्या ऐकू आल्या. आठवा मामा, ह्यांना टाळ्या वाजवताना तुम्ही कधी पाहिलंत का? स्वतःच्या लग्नातही नाही.

इथे तो माणूस येतो. साहित्य तपासनीस. उंच, सरळ, मानेपासून पायापर्यंत एका रेषेत, म्हणून सगळे त्याला 'ओळंबा' म्हणतात. खेळ संपल्यावर डब्यातून चिठ्ठ्या काढून तीन जणींची पिस्तुलं तपासतात. पहिलीच चिठ्ठी माझी. त्याने मखमलीच्या पेटीतून पितळेचं चकचकीत वजन काढलं. दागिना असावा तसं दोन बोटांनी. चापाला अडकवलं. उचललं. टक्. तीनदा संधी असते. दुसऱ्यांदा, टक्. तिसऱ्यांदा मी श्वास धरला, ओळंब्याने धरला, अख्ख्या हॉलने धरला. टक्. त्याने कागदावर माझ्या नावावरून आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "ताई, चाप हलका आहे. बाद."

बाद! मी म्हटलं, तुमचं वजन जड आहे. तो म्हणाला, माझं वजन दर वर्षी सरकारी काट्यावर तपासलं जातं. मी म्हटलं, सरकारी काट्यावर काय काय तपासलं जातं ते आम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, घरी चाप कशावर लावलात? मी छाती काढून सांगितलं, मामांच्या किलोवर. मागे कोणीतरी फिसकन हसलं. आणि तो माणूस, एक भुवईसुद्धा न हलवता, म्हणतो कसा, "मग मामांचा किलो हलका असेल."

मामा, पुढचं मला नीटसं आठवत नाही. बाकीच्या जणी सांगतात की मी वीस मिनिटं बोलले. तुमच्या दुकानाचा इतिहास सांगितला, वर मूठभर टाकण्याचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की माझ्या मामांच्या मापात ग्रॅमभर पाप निघालं तर मिशी उतरवीन. मिशी नाही, हे माझ्या लक्षात आलं तोवर वाक्य संपलं होतं, म्हणून घाईने 'ह्यांची' असं जोडलं. हे तेव्हापासून गप्प आहेत.

मी रीतसर तक्रार नोंदवली आहे. येत्या रविवारी अकरा वाजता तीन जणांची समिती बसणार. तेव्हापासून तुमचा किलो पर्समध्ये घालून मी गावभर हिंडते आहे आणि दिसेल त्याच्या हातात देऊन विचारते आहे, सांगा, हा किलो आहे की नाही? (खांद्याचं कारण हेच.) आजवर सत्तावीस जणांनी हो म्हटलं. एकाने विचार करून सांगतो म्हटलं, त्याच्याशी मी बोलणं टाकलं आहे.

तेव्हा मामा, एकच विनंती. रविवारी तुम्ही या. तो करडा कोट घालून या. बोलायचं काही नाही, नुसतं समोरच्या खुर्चीवर बसायचं. पन्नास वर्षं सचोटीने तोललेल्या माणसाच्या शब्दाला किती वजन असतं ते त्या पितळेवाल्याला एकदा कळू दे. येताना मामीलाही आणा आणि तिला सांगा की किलो मी परत देणार आहे, त्याची काळजी नको.

तुमची आणि तुमच्या मापाची अभिमानी भाची,
ठिणगी

ता. क. : हे पोस्टात उभ्याने लिहिते आहे, दोरीने बांधलेल्या पेनाने, म्हणून अक्षराला नावं ठेवू नका. पाकीट जाड झालं म्हणून खिडकीतल्या बाईंनी ते काट्यावर ठेवलं. पर्समध्ये तुमचा किलो होताच. मी म्हटलं, बाई, एवढा जरा ठेवून बघता का, एकाची जिरवायची आहे. त्यांनी ठेवला. नऊशे बासष्ट. मी म्हटलं, पुन्हा ठेवा. नऊशे बासष्ट. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. त्यांनी साखरेची सीलबंद पिशवी कोणाच्या तरी पार्सलातून आणून ठेवली. बरोब्बर एक हजार. मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, ताई, आटपा. मामा, मी हे पाकीट पोस्टात न टाकता घरी नेते आहे.

ता. क. दुसरं : माझ्या चष्म्याच्या दुकानात दिव्याखाली भिंग लावून तुमचं वजन पाहिलं. तळाशी शिशाची टिकली असते ना, सरकारी शिक्क्याची? ती निम्मी पोकळ आहे. आत मेण भरून वरून काळा रंग दिला आहे. काम फार सुबक आहे, कानसला जमलं नसतं. गेलेल्या शिशात माझ्या चौदा गोळ्या झाल्या असत्या. आणि मग मला मामी आठवली. दोन वजनं दोन हातांत धरून उभी. 'हा द्यायचा आहे हं, लक्षात ठेव.' परत द्यायचा नव्हे! गिऱ्हाइकाला द्यायचा! म्हणजे दुसरा घ्यायचा. व्यापाऱ्याकडून माल घेताना एक, लोकांना देताना एक. मी तिला म्हणते काय, तर 'मी काय बुडवणार आहे?' काय वाटलं असेल तिला!

मला रडू आलं, मामा. खोटं कशाला बोलू. तुमच्यासाठी मी त्या माणसाला अख्ख्या हॉलसमोर लबाड म्हटलं, आणि लबाड मी होते, ते पाचशे एकाहत्तर गुण माझे नव्हतेच. मग मी शेजारच्या औषधवाल्याच्या काट्यावर मूठभर साखर ठेवून पाहिली. माझी मूठ पस्तीस ग्रॅमची निघाली, आणि तुमचा हात माझ्यापेक्षा मोठा. म्हणजे गिऱ्हाइकाला पूर्ण किलोच मिळत होता आणि तुम्हाला वर पन्नास वर्षांचा दुवा फुकट. हे कळल्यावर राग अर्धा उतरला. (उरलेला अर्धा व्यापाऱ्यांच्या वतीने शिल्लक आहे.) पण ओळंब्याच्या पितळेवर वर मूठभर कशी टाकू?

तक्रार मागे घेतली. ओळंब्याची माफीही मागितली. तो वजन उलटं करून तळाची टिकली बघत म्हणाला, नव्या मुलींना दाखवायला हे इथेच ठेवता का? मी म्हटलं, नाही हो. द्यायचा आहे.

ता. क. तिसरं, आणि पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच : कोट घालू नका. रविवारी येऊ नका. दुसरी आणि शेवटची निवड चाचणी पंधरा दिवसांनी आहे. हे म्हणतात, औषधवाल्याच्या काट्यावर नेमका किलो तोलून घे. पण नेमकं या शब्दावरचा माझा विश्वास उडाला आहे. आईला काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. भावाच्या नावाची शपथ घेणारी बाई ती, तिचं काय होईल? पण आज ती वजन पुसायला घेऊन बसली आणि मला राहवलं नाही, सगळं भडाभडा सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही कोसळणार. तिने चष्मा लावला, 'द्या'वरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे अक्षर माझं आहे. लग्नाच्या आधी मीच रंगवलं होतं." आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पुन्हा स्टुलावर उभी आहे. "वेडे, तुला नेमबाजीला हवा होता ना? मग घ्यायचा मागायचास! तो चांगला चाळीस ग्रॅम जड आहे."

तेव्हा मामा, परतीच्या टपालाने तेवढा 'घ्या' द्या.